शेजारचा ढीग

आमच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडून गोण्या भरायच्या आवारात, कांद्याचे तीन ढीग लागायचे. पहिला दुबई, दुसरा मद्रास, तिसरा शेजार. ही नावं कागदावर कुठंच नव्हती. निवडायला बसणाऱ्या बायकांनी ती पाडली होती आणि आता खळ्याचे मालक, शेठही तीच वापरायचे. दुबईच्या ढिगात गोल, एकसारखा, लालभडक, अंगाला पत्ती, म्हणजे वरची साल, घट्ट असलेला कांदा. मद्रासमध्ये थोडा लहानमोठा चालायचा. मग जो उरायचा, म्हणजे जोडकांदा, पत्ती उडालेला, मानेशी मऊ पडलेला, देठातून हिरवं डोकावायला लागलेला, तो शेजार. शेजार म्हणजे नेपाळ, कधी बांगलादेश.

नवी बाई कामाला लागली की मुकादमीणबाई तिला एका वाक्यात शिकवून टाकायच्या. "आपल्या घरात न्यावा वाटला तर मद्रास, जावंला द्यावा वाटला तर शेजार." सगळ्या हसायच्या. पहिल्या दिवशी मीही हसले होते.

असं का, हे कुणी विचारायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. दुबईचा माणूस खराब माल परत पाठवतो. मद्रासचा व्यापारी फोनवर शिव्या घालतो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याकडं जातो. शेजारचा काय करणार? त्याच्याकडं पिकतो तो पुरत नाही आणि बाहेरून आणायचा तर रस्ता आपल्याच दारावरून जातो. शेठ पान लावता लावता म्हणायचे, "जाणार कुठं?" त्यांच्या बोलण्यात रागही नसायचा. सकाळी उजाडतं तसं ते बोलणं.

हेच दोन शब्द ते आणखी कुणाबद्दल वापरायचे तर लांबून आलेल्या आम्हा बायकांबद्दल.

मी गोंदियाकडची. सातवीपर्यंत शिकले. आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती, आणि मुलीला दुसऱ्या गावात पाठवायचं की धानाच्या रोवणीला, यावर आमच्या घरात फारशी चर्चा झाली नाही. लग्नानंतर नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून नाशिकला आले. ते काम सुटल्यावर तो सुरतला गेला. आधी महिन्याला यायचा, मग सणाला, मग फोनच लागेना. माझ्या कडेवर मुलगी होती आणि भाड्याची खोली सोडायची वेळ आली होती. अशा वेळी निफाडच्या रस्त्यावरच्या या खळ्यावर कुणीतरी मला आणून बसवलं. शेठनी काम दिलं आणि शेडच्या पाठीमागची पत्र्याची खोलीही दिली. दिवा होता, नळ होता. अनामत मागितली नाही, नवरा कुठं आहे तेही विचारलं नाही. एकट्या बाईला या शहरात न विचारता खोली देणारा माणूस किती मोठा असतो, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. आजही त्यांच्याबद्दल वाकडं लिहिताना माझा हात अडतो. तरी लिहिते.

भातामुळं माझं नशीब जरा वर आलं. एकदा कलकत्त्याकडचा व्यापारी आला होता. त्याला पोळ्या जाईनात. शेठनी मला ढिगावरून उठवलं. "तुमच्याकडं भातच खातात ना? मग कर." मी भात केला. दाणा मोकळा, पण कोरडा नाही, आमच्याकडं पाहुण्याला करतात तसा. तो माणूस दोनदा मागून जेवला. तेव्हापासून पूर्वेकडचा कुणी आला की ऑफिसामागच्या खोलीत मी स्वयंपाक करायचा, असं ठरून गेलं. एक मोठं पातेलं त्यासाठीच आणलं होतं. जेवणाच्या दिवशी ढिगावर बसावं लागायचं नाही. नखांत काळं जायचं नाही, डोळे चुरचुरायचे नाहीत. इतर बायकांना ते खुपायचं. "शेठची भातवाली," म्हणायच्या.

आता जेवणाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं.

पाहुणा आला की आधी त्याला दुबईचा ढीग दाखवायचा. भाव ठरायचा तो त्या ढिगाचा. मग त्याला ऑफिसात जेवायला बसवायचं, खिडकीकडं पाठ करून. ताट पुढ्यात आलं की बाहेर गाडी भरायला लागायची. शेजारच्या ढिगातून. गोणीच्या तोंडाशी दोन ओंजळी चांगला कांदा टाकायचा, दाभणानं तोंड शिवायचं, की झालं. आग्रह एवढा व्हायचा की पाहुणा अर्धा-पाऊण तास उठू शकायचा नाही, आणि भरल्या ताटावरून कोण उठतं? फारच चौकस माणूस असला तर जेवणानंतर शेठ त्याला आपल्या गाडीतून त्र्यंबकेश्वरला दर्शनाला न्यायचे. परत येईस्तोवर ट्रकवर ताडपत्री. माणूस प्रसादाचा पुडा हातात घेऊन, पोटावरून हात फिरवत, आभार मानून जायचा.

मी ताटं वाढायची. मला हे लबाडीसारखं वाटायचं का? खरं सांगायचं तर रीत म्हणूनच वाटायचं. लग्नात जशा रीती असतात तशी ही खळ्याची एक.

मग एका वर्षी निर्यातबंदी आली. ती तशी मधूनमधून यायचीच. शहरात कांदा महाग झाला, लोक बोंबलायला लागले, की सरकार दार लावून घ्यायचं. संध्याकाळी टीव्हीवर बातमी आणि सकाळी नाक्यावर गाड्या उभ्या. त्या वेळी आमच्या खळ्यावरून गेलेल्या दोन गाड्या नेपाळच्या नाक्यावर अडकल्या. पैसे आधीच येऊन गेले होते, त्यामुळं शेठची झोप उडाली नाही. ज्याच्या गाड्या होत्या तो रोज फोन करायचा. शेठ म्हणायचे, "मी काय करू साहूजी, सरकारचा हुकूम." काही दिवसांनी त्यांनी फोन उचलणं सोडलं. गाड्यांतून पाणी गळायला लागलं तेव्हा ड्रायव्हरनी माल तिथंच ओतून टाकला म्हणे.

आमचेही हाल झालेच. निम्म्या बायकांना घरी बसवलं. मुकादमीणबाई म्हणाल्या, "तिकडं दिल्लीत कुणाची भाजी महाग झाली, न् इकडं आपली चूल इझली." पण आम्हाला पुढं काम मिळालं. नाक्यापलीकडच्यांना काय मिळालं, ते आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

बंदी उठली आणि तो साहूजी स्वतः आला.

साठीच्या आसपासचा, सडपातळ, नाशिकच्या उन्हातही अंगात जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. नाशिक रोडला स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला होता आणि रिक्षानं यायचा. आमचं त्याच्याशी बोलणं हिंदीत व्हायचं, इथं मी ते मराठीत लिहितेय. शेठनी त्याला हात धरून दुबईच्या ढिगापाशी नेलं. तो त्या ढिगाकडं बघून मान हलवत पुढं गेला आणि तिसऱ्या ढिगाशी उभा राहिला. खाली वाकून ढिगाच्या बुडात कोपरापर्यंत हात घातला. एक कांदा काढला, दाबला, वास घेतला.

"हा माझा ना?"

"छे, छे, साहूजी. हा इथल्या हॉटेलवाल्यांना जातो."

"मी याला ओळखतो," तो म्हणाला. "दरवर्षी माझ्या घरी येतो हा."

शेठ हसले. तो हसला नाही. भाव पहिल्या ढिगाचाच ठरला आणि तो म्हणाला, माल माझ्यासमोर निवडायचा, माझ्यासमोर भरायचा. शेठ म्हणाले, "तुमचंच दुकान आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो बायकांच्या मागं उभा राहायला लागला. गोणी भरत आली की मधूनच हात घालून एखादा कांदा उपसायचा आणि बाजूला टाकायचा. आम्हाला मजुरी गोणीवर होती. त्याच्या एकेका कांद्यापायी हात थांबायचा. बायका तापल्या.

"ए बहादूर, तिकडं गेटावर जाऊन हुबा राहा. तुमचं काम ते."

"गेट तुमचं आहे बाई," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर इथवर यावं लागलं."

"लय बोलतो. आमच्या कांद्यावर जगतो न् आम्हालाच शिकवतो."

"फुकट दिला असता तर शिकवलं नसतं."

मला त्याची कीव आली असं मी लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. मला त्याचा रागच आला होता. खळ्यावर आधीच काम कमी, त्यात हा शेठचा चेहरा रोज आंबट करतोय.  माझी मुलगी तेव्हा आठवीत होती, मी जिथं थांबले त्याच्या एक पायरी पुढं. शाळा खळ्यापासून चालत जायच्या अंतरावर. खोली गेली की शाळा गेली, इतकं सरळ होतं. खळ्यावर कुणी मोठ्यानं बोललं तरी मी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला घ्यायची.

तो जेवायचा नाही. शेठनी रोज सांगितलं, त्यानं रोज हात जोडले. दुपारी माझ्या स्वयंपाकाच्या खोलीशी यायचा, पिशवीतून जाडे पोहे काढायचा आणि त्यावर घालायला गरम पाणी मागायचा. उभ्यानं खायचा, तोंड शेडकडं करून.

एका दुपारी मला राहवलं नाही. "भाऊ, घरात अन्न असताना माणूस असे भिजवलेले पोहे खातो का? लोक मला नावं ठेवतात."

"दिदी, तुमच्या हातचं नको असं नाही. वास येतो ना, जीव जातो माझा. गाडी भरली की वाढा. पोटभर जेवीन."

"गाडी भरल्यावर कसं वाढणार? जेवण गाडी भरताना असतं."

मी हे सांगितलं ते, आमच्याकडं हळद आधी लागते मग अक्षता, असं एखाद्या परक्याला सांगावं तसं. तोंडून गेल्यावर त्याचा हात वाटीतच थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग ऑफिसातल्या त्या खिडकीकडं पाठ केलेल्या खुर्चीकडं पाहिलं. 

"वीस वर्षं," तो म्हणाला, "आमच्याकडचे लोक परत येऊन सांगतात की नाशिकला माणसं फार चांगली, जेवल्याशिवाय सोडत नाहीत."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुम्ही इतके चिडता कशाला? व्यापारात होतं थोडं मागंपुढं."

मग तो बोलला. आवाज न चढवता, पोहे चावत. काही वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडावर असाच नाका बंद झाला होता. कांदाच नव्हे, गॅस, पेट्रोल, औषधं, सगळं. तुमच्या टीव्हीवर सांगत होते की नाका उघडाच आहे, गाड्याच जात नाहीत. त्याच्या घरी जुनं कपाट फोडून चूल पेटवली होती. आईच्या दम्याची औषधं संपली. "वरच्या बाजूच्या शेजाऱ्यानं, चीननं, तेव्हा थोडं तेल पाठवलं. तेल कमी आणि फोटो जास्त. तोही उद्या त्याच्या मनात आलं की दार लावतो. कधी रस्ता खचला म्हणतो, कधी आजार आला म्हणतो. एक गोड बोलतो, एक आवाज चढवतो. दोन्ही दारांची कडी बाहेरच्या बाजूला आहे. आम्ही आतल्या बाजूला."

"मग मी लावली होती का कडी?" मी म्हणाले. मला खरंच राग आला होता. आमच्या गॅसची टाकी संपली तर मी कुणाच्या दारात जाऊन भांडायचं?

"नाही दिदी. तुम्ही फक्त भात करता."

मला ते लागलं. अजून लागतं.

मुकादमीणबाई पलीकडं नळावर पाय धूत होत्या, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी शेठनी ऑफिसात बोलावलं. त्या दाराशी उभ्या होत्या. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी पानाचा डबा बाजूला सरकवला.

"बाई, तुझ्या तोंडानं गेलं ना ते? आता तुझ्या हातानं निस्तर. उद्या गाडी लागणार आहे. त्याला जेवायला बसव. कसा बसवतेस ते मला माहीत नाही."

"नाहीच बसला तर, शेठ?"

"नाही बसला तर खोलीची किल्ली मुकादमीणबाईंच्या हातात दे."

मुकादमीणबाई म्हणाल्या, "बसवंल ती. जाणार कुठं?"

सकाळी मी लवकर चूल पेटवली. भात, वरण, बटाट्याची रस्साभाजी, तळलेले पापड, लिंबाचं लोणचं. शेठनी गावातून बासुंदी मागवली. मुलगी शाळेत निघाली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. वेणी जरा घट्ट घातली, तर म्हणाली, "आई, दुखतंय."

ट्रक लागला. हमाल गोण्या घेऊन उभे राहिले. दोन रांगा होत्या. पुढची दुबईची, दाखवायची. मागची शेजारची, रात्रीच तोंड शिवून ठेवलेली, भरायची. मी ऑफिसात ताट वाढलं, भोवती पाण्याची धार फिरवली, उदबत्ती लावली. शेठनी त्याला खांद्याला धरून आणलं.

"साहूजी, आज तरी."

"आज उपास आहे."

"सोमवार नाही, एकादशी नाही. कसला उपास?"

"गाडीचा."

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या. शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "बरं, जेवू नका. त्र्यंबकेश्वरला तरी चला. एवढ्या लांब आलात, ज्योतिर्लिंगाचं दर्शन न घेता जाणार?"

"आमच्याकडे पशुपतिनाथ आहे. त्याला सांगून आलोय."

"देवालाबी नाय म्हणतो," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

मग शेठनी माझ्याकडं हात केला. "ही बाई पहाटेपासून राबतेय. तुमच्यासाठी. लांबची आहे, तिला इथं कुणी नाही. वाढलेलं ताट तसंच राहिलं तर तिला काय वाटेल, बघा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तोही. मी ताटाकडं बघत होते. भातावर तूप थिजायला लागलं होतं.

"दिदी," तो म्हणाला, "मी बसलो नाही तर तुम्हाला त्रास होईल?"

खोटं बोलायला सुद्धा थोडी जागा लागते. माझ्याकडं ती नव्हती. मी म्हणाले, "हो."

त्यानं ट्रककडं एकदा बघितलं. मग खाली वाकून तो बुटाची नाडी सोडायला लागला.

तो बसणार होता. दोन गाड्या रस्त्यात ओतून आलेला माणूस, एवढ्या लांबून पोहे खात आलेला, माझ्यासाठी पाठ करून बसणार होता. दुसरा बूट काढताना त्याचा तोल गेला म्हणून त्यानं टेबलाला धरलं. ताटातली वाटी हलली. शेठनी खिडकीतून हमालांना बोटानं खूण केली, मागच्या रांगेकडं.

मी ताट उचललं.

"आत लई उकडतंय," मी म्हणाले. "भाऊ, बाहेर वाढते. झाडाखाली वारं आहे."

काही ठरवून बोलले नाही. खरंच उकडत होतं, एवढं मला आठवतं. ताट घेऊन मी दारातून बाहेर आले, बायकांनी वाट दिली, कारण भरल्या ताटाला कुणी आडवं जात नाही. ट्रकच्या मागच्या उघड्या फाळक्यासमोर रिकाम्या बारदानांची थप्पी होती. तिथं ताट मांडलं. तो एका पायात बूट घालून माझ्या मागून आला आणि बारदानांवर मांडी घालून बसला, तोंड ट्रककडं.

शेठ दारात उभे होते. पाहुणा जेवायला बसला होता, रीतीप्रमाणं. त्यांनी सांगितलं तेवढं मी केलं होतं. हमालांनी मागच्या रांगेतली पहिली गोणी पाठीवर घेतलेली, ती तशीच धरून ते शेठकडं बघत राहिले.

"काय बघता रे?" शेठ म्हणाले. "दुबईचा भरा."

इतका सावकाश जेवणारा माणूस मी पाहिला नाही. एकेक घास तो चांगला घोळवून खायचा. भात तीनदा मागितला. पापड मोडताना सुद्धा त्याची नजर फाळक्यावर. मधेच एका हमालाला त्यानं थांबवलं, उष्ट्या हातानंच खूण करून गोणी उतरवायला लावली, डाव्या हातानं तोंड उसवून आत चाचपलं आणि मान हलवली.

"याचं पोट हाय का गोडाऊन?" मुकादमीणबाई म्हणाल्या. यावेळी कुणी हसलं नाही.

शेवटची गोणी चढली तेव्हा त्यानं बासुंदीची वाटी तोंडाला लावली. हात धुतले. ताटाला नमस्कार केला, दुसरा बूट घातला आणि शेठना म्हणाला, "चला आता, त्र्यंबकेश्वरला जाऊ."

शेठ म्हणाले, गाडी कामावर गेलीय. गाडी समोरच उभी होती.

तो ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेला. मला म्हणाला, "येतो दिदी." मी पदर तोंडाला लावून उभी होते.

संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. "बाई, तुला डोक्यावर पत्रा कुणी दिला?"

"तुम्ही."

"मग?"

 त्यांनी किल्ली मागितली नाही. मुलीचं वर्ष पुरं होईस्तोवर राहा, म्हणाले. उद्यापासून ढिगावर, आणि स्वयंपाकाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मी त्यांच्या पाया पडले. भीतीनं पडले की उपकारानं, ते त्या क्षणी मला वेगळं करता आलं नसतं.

ते वर्ष मी कसं काढलं ते सांगत बसत नाही. बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत. पाण्याच्या नळाला कुलूप लागलं, किल्ली मुकादमीणबाईंच्या कमरेला. नासका कांदा पूर्वी ओढ्याकडं टाकायचे, तो आता माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला टाकायला लागले. मुलीच्या गणवेशाला वास यायचा. वर्गात तिच्या बाकावर कुणी बसेना. तिनं मला एकदाच विचारलं, "आपण काय केलंय?" मी म्हणाले, पाहुण्याला जेवायला वाढलं.

पुढच्या हंगामात नेपाळचा फोन आला नाही. शेठनी वाट पाहिली. "येईल. जाणार कुठं?" मग त्यांनीच लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. पलीकडून तोच शांत आवाज. यंदा वरच्या बाजूनं घेतलाय म्हणाला, चीनचा.

"तो कांदा?" शेठ म्हणाले. "त्याला चव तरी असते का?"

"पाण्यासारखा आहे, साहेब. फोडणीत पडला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. पण गोणी वरून खालपर्यंत एकच."

"उद्या तो दार लावेल, मग याल."

"लावेल," तो म्हणाला. "तेव्हा बघू. तुमच्या त्या बाई बऱ्या आहेत ना?"

शेठनी फोन ठेवला. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या.

एकट्या त्याच्यामुळं झालं नसेल. बंदी, कर, भाव, बरंच काही होतं. पण त्या वर्षी तिसरा ढीग उचलायला कुणी आलं नाही. तो वाढत वाढत शेडच्या दारापर्यंत आला, खालून पाणी सुटलं, चिलटं झाली. शेवटी तो नाशिकच्याच हातगाड्यांवर स्वस्तात गेला आणि आम्ही सगळ्यांनी तोच खाल्ला. मुकादमीणबाईंनाही आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसावं लागलं. त्या मला बघून थुंकायच्या. "एका ताटापायी सगळ्यांच्या ताटात माती कालवली."

 माझ्या ताटातही तीच होती.

मुलगी आठवी पास झाली. निकाल लागला त्या आठवड्यात मी अंबडला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये विचारून आले. त्यांच्याकडं बिहारचे, ओडिशाचे कामगार होते. सगळे भात खाणारे आणि भाताला शिव्या देणारे. त्यांनी मला एक दिवस करून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं. जवळच कॉलनीत एका बौद्ध कुटुंबानं वरची खोली दिली. त्या घरच्या आजींनी एवढंच विचारलं, की पोरीची शाळा ठरली का?

मग शेठना सांगायला गेले. ते हिशेबात होते.

"शेठ, मी जातेय."

त्यांनी मान वर केली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं, भिंतीनं चालायला सुरुवात केली तर वाटेल तसलं.

"कुठं?"

"अंबडला."

त्यांनी चष्मा काढला. मी खाली वाकून पाया पडले, आणि यावेळी मला नक्की माहीत होतं, ते उपकाराचंच होतं. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. दाराशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि तिकडचे पाहुणे आले तर भात कोण करणार?"

ऑफिसामागच्या त्या खोलीचं दार उघडंच होतं. सकाळी मुकादमीणबाईंकडून किल्ली मागून मी आत गेले होते. वर्षभर कुणी हात न लावलेलं मोठं पातेलं राखेनं घासून, ओट्यावर पालथं घालून ठेवलं होतं. मी शेठना बोटानं ते दाखवलं आणि रिक्षात जाऊन बसले. मुलगी आधीच आत बसून दप्तर मांडीवर घेऊन माझी वाट बघत होती.